अर्ध्या पुलाचं गाऱ्हाणं

आपा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांचे फ्लेक्स लागले. अलीकडच्या काठावर आमच्या आमदारांचा, पलीकडच्या काठावर पलीकडच्या आमदारांचा. दोन्हीकडे आपांचा तोच फोटो, जत्रेत कुणीतरी मोबाइलवर काढलेला, तोंडात सुपारी असल्यामुळे एक गाल फुगलेला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'शोकाकुल' म्हणून हसतमुख कार्यकर्त्यांची रांग. हयात असताना या माणसाचं गाऱ्हाणं दोघांपैकी कुणाच्याच मतदारसंघात बसत नव्हतं. इकडचे तिकडे बोट दाखवत, तिकडचे इकडे. मेल्यावर मात्र दोघांनाही एकदम तो आपला वाटू लागला. माझं डोकं इतकं फिरलं की तो इकडचा फ्लेक्स ओढून काढायला मी कोयता घेऊन निघालो होतो. काकींनी, म्हणजे आपांच्या बायकोनं, मला दारातच अडवलं.

"ऱ्हवांदे रे विनू," त्या म्हणाल्या. "पावसात आपसूक फाटतलो. तेंका तितक्याच जमता, तां तरी करूंदेत."

आमच्याकडे खाडीच्या आपल्या काठाला अलतड म्हणतात आणि समोरच्याला पलतड. सरकारदरबारी अलतड आणि पलतड ही दोन गावं, दोन वेगळ्या तालुक्यांत. देवाच्या लेखी मात्र गाव एकच. रवळनाथाचं देऊळ अलतडला, पण शिमग्यात पालखी दोन होड्या एकमेकींना बांधून पलतडला जाते आणि तिथल्या घराघरांतून फिरून परत येते. पाण्याची रुंदी म्हणाल तर समोरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कोण बसलंय ते ओळखू यावं इतपत. पण रस्त्यानं जायचं तर आत हायवेपर्यंत एक एस्टी, तिथे ताटकळत बसायचं, मग दुसरी एस्टी पकडून पुन्हा समुद्राकडे यायचं. सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला पोचला तर नशीबवान. पूर्वी 'तर' होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. तरवाला म्हातारा झाला, त्याचा मुलगा गोव्यात हॉटेलात लागला आणि तर बंद पडली.

आपांची एकुलती एक लेक, सुलू, पलतडला दिलेली. आपांच्या माडांच्या बागेतून तिच्या घराची कौलं दिसायची. सकाळी उठून आपा काठावर जाऊन उभे राहात. पलतडच्या माडांतून न्हाणीघराचा धूर वर आला की म्हणत, "उठली." मग ते चहा घेत. धूर उशिरा आला तर चहाही उशिरा. काकी चिडायच्या, "तिच्या घोवाक सुट्टी असात. माका कित्याक ताटकळत ठेवतास?"

आपांचा व्यवसाय माड आणि थोडे काजू, पण गावात त्यांची ओळख म्हणजे गाऱ्हाणं. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: देवापुढे नारळ ठेवला की एकजण सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो, अडचण सांगतो, मागणं मागतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा!' असा एकमुखानं हुंकार भरतात. हे बोलणारा माणूस लागतो खड्या आवाजाचा आणि निर्भीड. देवाची स्तुतीही त्यानंच करायची आणि देवाला जाबही त्यानंच विचारायचा. आपा दुसऱ्या कामात जास्त रमत. "गेल्या साली तुका सांगलेला, तू आयकूक नाय," असं ते रवळनाथाला भर देवळात सुनवायचे, आणि मंडळीही 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळी व्हायची.

ही सवय देवळापुरती राहिली नव्हती. एकदा आमची एस्टी घाटीच्या चढावर बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडून बघत होता. आपा सीटवरूनच हात जोडून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ही गाडी जी आडी रवली हा..." आणि अख्खी एस्टी, त्यात दोन मुंबईचे चाकरमानी आणि एक कोळीण आपल्या पाटीसकट, 'व्हय म्हाराजा' म्हणू लागली. गाडी सुरू झाली. तो योगायोग होता हे आपाही मान्य करत. "पण देव आयकून तरी घेता," ते म्हणत. "आमदार मध्यातसूनच घड्याळ बगता."

आपांना मतदारसंघाचा इतिहास तोंडपाठ होता. मात्र त्यात पक्ष नसत, निशाण्या नसत, कोण किती मतांनी आला तेही नसे. आमदार खाडीवर येऊन काय करून गेला, एवढाच तो इतिहास. पहिला आला तो वहाणा हातात घेऊन चिखल तुडवत आला, शहाळं प्याला आणि 'पूल व्हायलाच हवा' म्हणाला. दुसऱ्याला होडीत बसवलं तर भर खाडीत त्याला ओकारी झाली. 'पूल व्हायलाच हवा' हे त्यानं फार मनापासून म्हटलं, असं आपा सांगत. तिसऱ्यानं इंजिनिअर आणला. इंजिनिअरनं लांबच्या लांब बांबू पाण्यात घालून खोली मोजली आणि बांबू इथेच टाकून गेला. काकींनी त्या बांबूवर पडवळाचा मांडव घातला. चौथ्यानं भूमिपूजन केलं. ते ओहोटीच्या वेळी केलं, त्यामुळे कोनशिला अशा जागी बसली की भरती आली की पाण्याखाली जाई. "आमचो पूल भरतीक बुडता नि सुकतीक दिसता," असं आपा पाहुण्यांना दाखवत. प्रत्येकाची नक्कल ते करत, तीही बसल्या जागी, सुपारी गालात सरकवून. ओकारीवाल्याची नक्कल बघायला पलतडहून माणसं येत, होडी चालू होती तोवर.

म्हणजे पूल तेव्हाही झाला नव्हता. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा मला तिटकारा आहे, आणि आपांनाही होता. पण तेव्हा दोन्ही काठ एकाच मतदारसंघात होते, दोघांना मिळून एक आमदार होता. आपा म्हणत, "काम होयना नाय, पण गाळी घालूक एक घर होतां."

मग मतदारसंघांची फेररचना आली. नव्या आखणीत तालुके तालुक्यांबरोबर गेले आणि मतदारसंघाची सीमा बरोबर आमच्या खाडीच्या मधोमध आली. त्या आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायला वरचे अधिकारी येणार होते. मी तेव्हा ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, नोकरीला, तिथल्याच सरकारी क्वार्टरमध्ये राहायला. आपा धुतलेलं धोतर, कोट आणि पिशवीत चार शहाळी घेऊन माझ्याकडे हजर झाले. सकाळभर माझ्या व्हरांड्यात फेऱ्या मारत त्यांनी पुस्तकी मराठीतलं एक वाक्य पाठ केलं, "मी आपणांस नम्रपणे निवेदन करू इच्छितो की..." 'की'च्या पुढे काय, ते त्यांना येईना. मी म्हटलं, "आपा, पुढचा तुमच्या भाषेत सांगा."

"हापिसात आपली भाषा?" आपांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांना लंगोटीवर जायला सांगितलं होतं.

सभागृह भरलेलं होतं. वकील, सरपंच, पक्षांची माणसं. आपांचं नाव आल्यावर अधिकारी म्हणाले, "आजोबा, हरकत थोडक्यात सांगा." आपा उभे राहिले. 'इच्छितो की' पर्यंत आले आणि अडले. मग आपांनी डोळे मिटले, हात जोडले आणि देवळातला आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज हय, ह्या सभेत, तुजी लेकरां जमली हत!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेतून सहज हुंकार आला. सवयच ती.

"दोनी काठांचो तू एक धनी. तुजी पालखी पाणयावरसून पलतड जाता. तुका कोणी इचारूक नाय तुजो तालुको खंयचो म्हणान!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धं सभागृह.

"तर ही खाडयेच्या मध्यातसून जी रेघ मारतत, ती मारतल्यांका बरी बुद्धी दी, नि दोनी काठ एका आमदाराच्या पदरात घाल रे म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा 'व्हय म्हाराजा' आला तो अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागून. पाण्याचे ग्लास घेऊन उभा असलेला शिपाई ट्रे हातात धरून हुंकार भरत होता. मग त्याचा चेहरा पडला. पण अधिकारी भला माणूस होता. हसला आणि म्हणाला, "आजोबा, देवाची हद्द मला मान्य आहे. पण मला लोकसंख्या आणि तालुका बघावा लागतो. देवाची हद्द माझ्या नियमांत बसत नाही."

बाहेर येऊन आपांनी सुपारी फोडली. "माणूस बरो आसा," ते म्हणाले. "पण तेच्या गावाक खाडी नसतली." शहाळी मात्र त्यांनी परत नेली नाहीत, शिपायाला दिली.

रेघ जिथं मारायची होती तिथंच मारली गेली. आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत जी चूक झाली, तिनं आपांचं पुढचं सगळं आयुष्य अडवून ठेवलं.

जुन्या मतदारसंघात वर्षानुवर्षं आमच्याकडे येणारे, लग्नाकार्यात दिसणारे एक पुढारी त्या वेळी उभे होते. प्रचाराचा नारळ ठेवायला ते रवळनाथाला आले. ढोल, फेटे, गाड्या. गावाला वाटलं, आपलाच उमेदवार. ते उभे होते पलतडच्या मतदारसंघातून. ते अलतडला आले होते ते फक्त देव अलतडला आहे म्हणून. गावानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हार मिळत असताना कोण कशाला सांगेल?

आपा देवळाच्या पायरीवर नारळ हातात घेऊन उभे राहिले. "नारळ ठेवतंय," ते म्हणाले, "पण आधी शब्द व्हयो."

साहेबांना गर्दी दिसली. त्यांनी हात वर केला आणि माइक नसतानाही माइकच्या आवाजात गर्जना केली, "या खाडीवर पूल झाल्याशिवाय मी रवळनाथाची ही पायरी पुन्हा चढणार नाही!"

टाळ्यांनी देऊळ दणाणलं. इतक्या आमदारांनी इतकी आश्वासनं दिली होती, पण देवाच्या पायरीवर स्वतःला बांधून घेणारा हाच पहिला. आपांच्या डोळ्यांत पाणी आलं. आवेशात त्यांनी गाऱ्हाणं घातलं, साहेबांचा शब्द देवाच्या कानावर घातला, आणि शेवटी, कुणी सांगितलं नसताना, स्वतःचंही जोडलं.

"आणि देवा, तो जर इतक्या करता, तर मीय सांगतंय! पूल होयसर पलतडच्या मातयेक पाय लावचंय नाय. लेकीकडे जायन तां पुलावरसून, चलत!"

"व्हय म्हाराजा!"

बायकांच्या घोळक्यातून काकींचा आवाज आला, "खुळावलो ह्यो."

मतदानाच्या दिवशी आपा सगळ्यांत आधी केंद्रावर गेले, मशीनसमोर बराच वेळ वाकून उभे राहिले आणि बाहेर येऊन ओरडू लागले, "तेचां नावच नाय हा! कोणी काडल्यान?" केंद्रावरच्या बाईंनी शांतपणे समजावलं की ते उमेदवार खाडीच्या पलीकडचे. आपा पायरीवर बसले. रांगेतलं गाव एकमेकांकडे बघत राहिलं. आम्ही सगळ्यांनी मिळून दुसऱ्याच मतदारसंघाच्या उमेदवाराला देवासमोर बांधून घेतलं होतं, आणि त्याला लागणारं एकही मत आमच्याकडे नव्हतं.

साहेब पलतडहून निवडून आले. आणि त्यांनी शब्द पाळला. खरंच सांगतो, अक्षरशः पाळला. पूल झाला नाही आणि ते पायरी चढले नाहीत. गावानं त्यांना 'पायरीसाहेब' नाव ठेवलं. जत्रेला ते यायचे, रस्त्यावर गाडी उभी करून, चपला काढून, लांबूनच हात जोडायचे. एका स्थानिक पेपरानं त्यांचा तसा फोटो छापला, 'देवाला दिलेला शब्द पाळणारा नेता' म्हणून. तो पेपर मी आपांना दाखवायला नको होता, पण गावातल्या चार जणांनी आधीच दाखवला होता.

आपा त्यांना गाठायला ओरोसला गेले. पलतडला उतरायचं नव्हतं ना! एका बैठकीच्या बाहेर साहेब भेटले. फार प्रेमानं बोलले. "आपा, पुलाचं हे टोक माझ्याकडे, ते टोक तुमच्या आमदारांकडे. त्यांनी प्रस्ताव पाठवू दे, मी लगेच पाठिंबा देतो." आमच्या आमदारांनी हेच वाक्य टोकं उलटी करून सांगितलं. मी आपांबरोबर दोन्हीकडे होतो. दोन्ही ठिकाणी भिंतीवर जिल्ह्याचा तोच नकाशा होता आणि दोघांचीही बोटं खाडीच्या मधोमध येऊन थांबत. परत येताना एस्टीत मी कुडाळपर्यंत शिव्या घालत होतो. शेवटी आपाच म्हणाले, "बस कर रे. गाळी वाया जातत. खंयच्या दारात घालूच्यो तांच कळना नाय."

दरम्यान सुलूचा संसार वाढत होता. ती माहेरी यायची, गणपतीला, जत्रेला, हायवेचा वळसा घालून, पोरांना घेऊन. काकी तिच्याकडे जायच्या, चार-चार दिवस राहायच्या. "गाऱ्हाणा ह्येंनी घातलानी, मी नाय," असं म्हणून त्या खुशाल पिशवी भरायच्या. आपा फक्त धूर बघायचे.

सुलूनं नवं घर बांधलं तेव्हा मात्र घरात रणधुमाळी झाली. घरभरणीला बाप नाही, हे काकींना सोसेना. दोन दिवस त्या आपांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच वाट काढली. "मातयेक पाय लावचो नाय म्हटलास ना? एस्टीतसून उतरा नकात. चाकां लागतत मातयेक, तुमचे पाय नाय."

आपांनी कोट चढवला.

पलतडची एस्टी सुलूच्या नव्या घरावरूनच पुढे शेवटच्या थांब्याला जात असे. मी त्या दिवशी आपांच्या शेजारच्या सीटवर होतो. दाराला झेंडूचं तोरण, खळ्यात मांडव, माणसांची ये-जा. सुलू हातात डबा घेऊन रस्त्यावरच उभी होती, नव्या साडीत. आपांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिनं डबा वर दिला. त्यात खापरोळ्या होत्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली. कंडक्टरला गोष्ट ठाऊक असावी, त्याच्या हातात घंटीची दोरी होती आणि तो उगाच सुट्टे पैसे मोजत उभा राहिला. आपा म्हणाले, "घर बरां झालां गो. खिडक्यो मोठ्यो ठेवलंस." सुलू म्हणाली, "बाबा, तुमच्या बाजूक ठेवलंय." मग गाडी सुटली. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले, आपा सीटवर बसून राहिले. परतीला पुन्हा तेच घर, पुन्हा सुलू, रिकामा डबा खिडकीतून खाली.

मी म्हटलं, "आपा, आता ह्या जमलां. महिन्यातसून एकदा असाच येवया."

आपांनी मान हलवली. "एकदा देवाक फसवलंय. दोनदा नाय."

पुढे एका निवडणुकीच्या वर्षी आमच्या आमदारांना अचानक पुलाचा कळवळा आला. काम सुरू झालं. खांब उभे राहिले, वर स्लॅब पडला आणि पूल खाडीच्या मधोमध येऊन थांबला. 'टप्पा एक' असं त्याचं नाव. आपल्या हद्दीतला पूर्ण झाला, म्हणून फीत कापली गेली. अर्ध्या पुलाची फीत कापलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली. भाषणात आमदार म्हणाले की पुढचा अर्धा पूल ही समोरच्यांची इच्छाशक्ती. समोरचे पायरीसाहेब. ते काय करणार? पूल पूर्ण झाला असता तर त्यांना पायरी चढावी लागली असती आणि पेपरातला फोटो बंद झाला असता. हे मी रागानं म्हणतो आहे, पुरावा माझ्याकडे नाही. पण दुसरा टप्पा आजही आलेला नाही.

तो अर्धा पूल आमच्या उपयोगाला आला तो दोनच गोष्टींसाठी. माणसं तिथे गरी टाकून मासे पकडतात, आणि टोकाला गेलं की पलतडच्या टॉवरची रेंज मिळते. आपांनी तिथे बसायला सुरुवात केली. "अर्ध्या पुलान अर्धो शब्द सुटता काय रे?" त्यांनी मला एकदा विचारलं. विनोदानं विचारलं असं मला वाटलं, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

मग सुलूच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला कितीतरी महिने एस्टीचे धक्के वर्ज्य केले. ती येऊ शकत नव्हती आणि हे जाऊ शकत नव्हते. आता मात्र गावच उठलं. देवळात बैठक बसली. जाणती माणसं म्हणाली, देवाला कौल लावू. म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की देवानं मोकळं केलं असं समजायचं. अशी वाट आमच्याकडे आहे, देवही काही निर्दय नाही. गुरवानं पाकळ्या भिजवायलाही घेतल्या.

आपा उठून उभे राहिले. "लावचो नाय," ते म्हणाले.

"अरे पण कित्याक?" सगळेच ओरडले.

"आमचे दोगांचे शब्द एकाच गाऱ्हाण्यात आसत. मी सुटलंय, तर तोय सुटलो. उद्या नारळ घेवन पायरी चढतलो नि म्हणतलो देवान मोकळा केल्यान. मगे पूल कोण मागतलो? मी हय असलंय, तर तेका निदान रस्त्यार तरी उभो ऱ्हवचो लागता."

काकी रडल्या. मी चिडलो, अगदी तोंडावर बोललो, "आपा, तेका काय फरक पडता? तुमी स्वतःकच शिक्षा करून घेतास!"

"जाणा मी," आपा म्हणाले. "पण तेच्याकडसून घेवक माज्याकडे दुसरा काय आसा? मत तरी आसा काय?"

जिथं जाऊन उभं राहावं असा एकही दरवाजा नसलेल्या माणसानं आपल्याकडे होती तेवढी एकच कडी धरून ठेवली होती.

आपा झोपेतच गेले. आणि तेराव्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील, काही जाणत्यांनी मत दिलं की गाऱ्हाणं घालणाराच गेला, आता त्यातलं बंधन उरलं नाही. पायरीसाहेब ढोल लावून आले. चपला काढल्या, नारळ घेतला आणि पायरी चढले. फोटो निघाले. त्यांनी देवासमोर आपांच्या आठवणीही सांगितल्या. 'व्हय म्हाराजा' म्हणायला गाव होतं, पण आवाज उठला नाही. गाऱ्हाणं कुणी घालायचं, यावरच घोळ चालला होता.

मला आपा आठवतात ते त्याच्या आधीचे. ते जाण्यापूर्वी थोडेच दिवस, एका संध्याकाळी, मी त्यांना शोधत अर्ध्या पुलाच्या टोकाला गेलो होतो. टोकाला दोन पिंपं आणि दोरी बांधलेली, स्लॅबमधून लोखंडी सळ्या पलतडच्या दिशेनं बाहेर आलेल्या. आपा एका पिंपाला टेकून बसले होते, फोन कानाला. समोरच्या काठावर सुलू प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाठीला पट्टा, तिचाही फोन कानाला. बापलेक एकमेकांना बघत फोनवर बोलत होती. "जेवलंस काय? काय केलेलंस? माशे कोणाकडसून घेतलंस?" सगळं साधंच.

मी जाऊन बसलो आणि म्हटलं, "आपा, आयकलास? परत मतदारसंघांची फेररचना होतली म्हणतत. नवी रेघ."

आपांनी फोन खाली घेतला. "व्हय? मगे आत्ताच सांगूक व्हया. मागे सांगूक उशीर झालेलो." त्यांनी फोन बंद करून कोटाच्या खिशात टाकला, चपला काढल्या आणि पिंपाला धरून उभे राहिले. तोंड पाण्याकडे, पाठ देवळाकडे. खाडी भरून स्थिर झाली होती, वारा पडला होता.

"बा देवा म्हाराजा!" आवाज पूर्वीइतका खडा राहिला नव्हता. "आज हय अर्ध्या पुलार तुजां लेकरू उभां आसा..."

हुंकार भरायला तिथे मी एकटाच. एकट्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं म्हणजे कसंसंच होतं. मी तोंड उघडायच्या आधी पाण्यावरून एक बारीक आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

सुलू खुर्चीतून उठून उभी राहिली होती, एक हात पाठीवर धरून.

आपांनी गाऱ्हाणं थांबवलं. कानामागे हात नेला आणि पाण्याचा तो राहिलेला अर्धा भाग बघत राहिले.

"आयकलंस?" ते मला म्हणाले. "पोचलां."